तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

ब्रोना गेराटीला कुणी "चहा घेतेस का?" असं विचारलं की ती "नको" म्हणते. यात तिचं काही चुकत नाही, आयर्लंडच्या मेयो परगण्यात आम्ही सगळे तेच म्हणतो. पहिल्यांदा "नको", दुसऱ्यांदा "अहो, कशाला उगीच", आणि तिसऱ्यांदा "बरं, अगदी अर्धा कप". तो अर्धा कप काठोकाठ भरून येतो आणि सोबत केकचा हा एवढा जाड तुकडा असतो. विचारणाऱ्यालाही सगळं ठाऊक असतं, त्यामुळे पहिल्या नकाराच्या आधीच त्याने पाणी चढवलेलं असतं. पहिल्या फटक्यात हो म्हणणाऱ्याला आमच्याकडे एकतर उपाशी समजतात, नाहीतर डब्लिनचा.

ब्रोना वीस वर्षांची, लिमरिकच्या एका कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला. या वर्षी जानेवारी ते ऑगस्ट कुठल्यातरी कंपनीत प्रत्यक्ष काम करावंच लागतं. जागा ज्याची त्याने शोधायची, आणि कंपनीच्या सहीचा फॉर्म दहा जानेवारीला, शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजला पोचवायचा. नाही पोचला तर वर्ष गेलं. नाताळच्या सुट्टीला ती घरी आली तेव्हा वर्गातल्या बहुतेकांचे फॉर्म जाऊन महिना उलटला होता आणि हिच्याकडे होती नुसती यादी. त्रेचाळीस अर्ज. त्यातल्या अकरा जणांनी खेद व्यक्त केला होता, बाकीच्यांना तेवढीही फुरसत झाली नव्हती.

पोरगी हुशार नव्हती असं मुळीच नाही. बारा वर्षांची असताना तिने शेजारच्या गोठ्यातलं दूध मोजायचं यंत्र खोलून दुरुस्त केलं, ते अजून चालतंय. पण मुलाखतीत हे सांगायचं कुणी? डब्लिनच्या एका बाईंनी तिला विचारलं, "तुला सगळ्यात चांगलं काय जमतं?" ब्रोनाने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "मोजमापाचं काम तसं अगदीच वाईट जमत नाही मला." मेयोत यापलीकडे स्तुतीच नाही. शर्यत जिंकलेल्या घोड्याबद्दलही आम्ही एवढंच बोलतो. त्या बाईंनी मात्र ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

कॉलेजातल्या करिअरचा सल्ला देणाऱ्या बाईंनी सुट्टीआधी तिला बसवून बजावलं होतं. तीन आठवडे हातात आहेत, लोळत घालवू नकोस. रोज सकाळी दोन फोन, तीन ईमेल. अर्ज नव्याने लिही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावात भेटेल त्याला सांग की मी जागा शोधतेय. ब्रोनाने पहिल्या तीन गोष्टी इमानेइतबारे केल्या. रोज नऊला स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसायची आणि बंद ऑफिसांमधले फोन वाजू द्यायची. चौथी गोष्ट तिच्याच्याने होईना. सांगायचं म्हणजे मागायचं, आणि मागायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

"त्या मॅलकी डरकनला का नाही विचारत?" आई, म्हणजे नोरीन, रोज एकदा म्हणायची.

"अर्ज केलाय आई. नोव्हेंबरात. उत्तर नाही आलं."

"कसं येणार? त्याची आई हॉस्पिटलात. एकदा तोंडाने बोल की."

"तू बोलशील?"

"मी?" नोरीनने ओट्यावर फडकं आपटलं. "मी कशाला बोलू? लोक म्हणतील, गेराटी मागायला आले."

मॅलकी डरकन म्हणजे आमच्या पोस्टातल्या फिलोमिनाबाईंचा एकुलता एक मुलगा. बावीस वर्षं तो रॉटरडॅमला होता. पाच वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला आणि तिची वाचा गेली, तेव्हा गाशा गुंडाळून परत आला. कॅसलबारच्या वाटेवर त्याने पाण्याच्या नळांतला प्रवाह मोजणारी यंत्रं बनवायचा छोटा कारखाना काढला. ब्रोनाच्या शिक्षणाला याहून जवळची जागा अख्ख्या परगण्यात नव्हती. दरवर्षी तो दोन विद्यार्थी घ्यायचा.

एकोणतीस डिसेंबरला फिलोमिनाबाई गेल्या.

तीस तारखेला सगळं गाव त्यांच्या घरी लोटलं. पुढच्या खोलीत शवपेटी उघडी ठेवलेली, दोन्ही बाजूंना नातेवाईक खुर्च्यांवर बसलेले, आणि लोक रांगेने येऊन प्रत्येकाचा हात हातात घेऊन "वाईट झालं हो" म्हणत पुढे सरकत होते. तिथून थेट स्वयंपाकघर. अशा दिवशी घरच्यांनी काही करायचं नसतं, शेजारणी ताबा घेतात. इथे ताबा शेजारच्या बर्नी लाव्हेलचा होता, आणि बर्नीच्या ताब्यात असलेल्या स्वयंपाकघरातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही. नोरीनने अंड्याच्या सँडविचचे चार ट्रे आणले होते आणि ब्रोनाला चहाच्या मोठ्या किटलीपाशी उभं केलं होतं.

निघताना आईने तिच्या कोटाच्या खिशात घडी केलेला अर्ज सरकवला होता.

"आई! मयताच्या घरी?"

"काढ म्हणून कोण सांगतंय तुला? असू दे खिशात."

आता तो कोट दारामागे खुंटीवर होता आणि ब्रोनाला सारखं वाटत होतं की येणाऱ्याजाणाऱ्याला कागदाचं टोक दिसतंय. मॅलकीला एकटं गाठावं असं वाटत होतं, आणि तो एकटा न सापडला तर बरं, असंही.

चारच्या सुमारास तो स्वतःच आत आला. उंच, वाकलेला, दोन दिवसांची दाढी. बर्नीने ताबडतोब सँडविचची बशी पुढे केली.

"नको, भूक नाही," तो म्हणाला.

"दोनच घे."

"बर्नी, खरंच नको."

"हे बघ, हॅमचं आहे," म्हणत बर्नीने त्याच्या हातात बशी कोंबली आणि ती बाहेरच्या पुरुषांना चहा द्यायला गेली. मॅलकीने त्या बशीकडे पाहिलं, ती टेबलावर ठेवली आणि ब्रोनाकडे वळला.

"तू नोरीनची मुलगी ना? अर्ज केला होतास. मी हॉस्पिटलात वाचला."

"हो. पण आज कशाला तो विषय…"

"अजून शोधतेयस जागा?"

"शोधते आहे तशी."

"मग ये आमच्याकडे. तेरा तारखेपासून. एक जागा आहे."

त्रेचाळीस अर्ज करून जे मिळालं नाही ते कपबश्यांच्या ढिगापलीकडून चालत आलं होतं. हातातोंडाशी घास आला होता, तोंड उघडायचाच अवकाश. आणि तोंड उघडलं ते वीस वर्षांच्या सवयीने उघडलं. "अहो, नको हो. तुम्हाला आधीच काय कमी व्याप आहेत! माझी काळजी कशाला करता?"

"मला काही त्रास नाही. हवीय का जागा?"

"नको, खरंच नको. तुम्ही बसा जरा, चहा देते."

हे बोलताना मनातून ती हो म्हणण्याच्या बेतातच होती. आता तो "काहीतरीच काय, ये मुकाट्याने" म्हणेल, मग आपण म्हणू, "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर." वाक्यसुद्धा तयार होतं. ती किटली हातात घेऊन वाट बघत राहिली.

मॅलकी तिच्याकडे क्षणभर बघत राहिला. "बरं," म्हणाला, आणि बाहेर गेला.

सुरुवातीला तिला काही वाटलं नाही. दोनदा विचारून झालं आहे, तिसऱ्यांदा जाता जाता विचारेल. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये, दफनाच्या वेळी, नंतर हॉटेलातल्या जेवणाच्या वेळी ती मुद्दाम त्याच्या नजरेच्या टप्प्यात उभी राहिली. त्याने मान हलवली, बस्स. मग तिने मनाशी म्हटलं, फोन करेल. नवीन वर्ष लागलं. दोन तारीख गेली, तीन गेली. ती फोन उशाशी, ताटाशी, अगदी न्हाणीघरातसुद्धा घेऊन जाऊ लागली. वहीतल्या दुसऱ्या कंपन्यांना फोन करणंही तिने सोडलं, कारण डरकनकडची जागा तर जवळजवळ मिळाल्यासारखीच होती ना! मनातले मांडे खायला काय जातं.

सहा जानेवारीला आमच्याकडे बायकांचा नाताळ. त्या दिवशी भांडी पुरुषांनी घासायची आणि बायकांनी एकमेकींकडे जाऊन आयतं खायचं. बर्नीकडे दहाबारा जणी जमल्या होत्या. नोरीनने ब्रोनालाही ओढत आणलं होतं. दुसरा कप झाल्यावर बर्नी तिच्याकडे वळून म्हणाली, "काय गं, तू मॅलकीला तोंडावर नाही म्हणालीस म्हणे?"

बाकीच्या जणींनी कप खाली ठेवले.

"मी?"

"तोच सांगत होता. म्हणे दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणाली, काहीतरी चांगलं मिळालं असेल. त्याने बॅलिनाच्या कुठल्याशा पोराला दिली ती जागा. त्या पोराने म्हणे विचारणं पुरं व्हायच्या आत हो म्हटलं."

"अगं पण ते काय खरं 'नको' होतं का!" नोरीन ओरडलीच. "मयताच्या घरी ती पोर दुसरं काय म्हणणार? एवढं कळू नये माणसाला?"

"बावीस वर्षं बाहेर राहिला नोरीन. तिकडे नको म्हणजे नकोच."

नोरीनने गाडी घरी आणली. फाटकापाशी आल्यावर म्हणाली, "चूक माझी आहे. मीच शिकवलं तुला." ब्रोनाला वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी नऊला ब्रोनाने कारखान्यात फोन लावला. साहेब रॉटरडॅमला गेलेत, शुक्रवारी दुपारी येतील. तिने पुन्हा यादी काढली. बुधवार-गुरुवारात सव्वीस फोन केले, आणि आता भीड पार चेपली होती, स्पष्ट मागत होती, अगदी "मला हे काम उत्तम येतं" इथपर्यंत मजल गेली होती. पण जागा केव्हाच भरल्या होत्या. गोलवेच्या एका गृहस्थाने तर हळहळून सांगितलं, "गेल्या आठवड्यात केला असतास तर होती गं." गेल्या आठवड्यात ती फोन उशाशी घेऊन बसली होती.

शुक्रवारी चारला नोरीनने गाडी कारखान्याच्या दाराशी थांबवली. "मी येऊ का आत?"

"नको."

"येते की."

"आई, हे खरं 'नको' आहे," ब्रोना म्हणाली आणि उतरली.

मॅलकी एकटाच होता. टेबलावर एक यंत्र खोलून ठेवलेलं, हातात बारीक पाना. तिला बघून त्याने भुवया उंचावल्या.

"त्या दिवशी तुम्ही मला जागा विचारलीत," ती उभ्याउभ्याच म्हणाली. गाडीत पाठ केलेलं सगळं ती विसरली होती. "मी नको म्हटलं."

"दोनदा."

"हो. पण मला हवी होती."

त्याने पाना खाली ठेवला. "मग नको का म्हणालीस?"

"घरात तुमची आई तशी… आणि लगेच हो कसं म्हणायचं? बरं दिसत नाही."

"मग हो म्हणायचं केव्हा?"

"तिसऱ्यांदा विचारल्यावर."

"आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही तर?"

"विचारतातच," ती म्हणाली.

मॅलकीने खोललेलं यंत्र बाजूला सारलं. मग म्हणाला, "बॅलिनाच्या पोराच्या फॉर्मवर सही झाली. तो आता मी मागे घेणार नाही."

"नाही नाही, ठीक आहे, काही हरकत…" तिने जीभ चावली. "नाही. हरकत आहे. आज पाचपर्यंत सही मिळाली नाही तर माझं वर्ष जातंय. दरवर्षी तुम्ही दोन जण घेता. मला दुसरी जागा द्या. हे काम मला चांगलं येतं. उत्तम येतं."

"यंदा एकच ठेवली, कारण दुसऱ्याला शिकवायला माणूस नाही. मलाच शिकवावं लागेल, आणि मी सध्या माणसात नाही."

"चालेल."

"विचार कर, मग…"

"चालेल म्हटलं ना!"

त्याच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं. त्याने हात पुढे केला, तिने फॉर्म दिला. त्याने नाव, पत्ता, तारीख भरली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सहीच्या रेघेवर पेन टेकवलं आणि तो तिथेच थांबला.

"ब्रोना."

"काय?"

"रॉटरडॅमहून मी दर नाताळच्या आधी घरी फोन करायचो. बाबा गेल्यावर आई एकटीच असायची. विचारायचो, येऊ का? ती म्हणायची, नको रे, कशाला, एवढा प्रवास, मी मजेत आहे. पुन्हा विचारायचो. नक्की? नक्की, म्हणायची." त्याने पेनाकडेच बघत विचारलं, "ते 'नको' कसलं होतं?"

काय बोलायचं ते ब्रोनाला तोंडपाठ होतं, आमच्या गावात कुणीही तेच बोललं असतं. छे हो, त्या मजेतच असायच्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. असं म्हटलं की माणूस शांत होतो, सही करतो, आणि आपण गाडीत बसून घरी जातो. खरं बोलावं तर ती सही राहिली बाजूला, हा माणूस तिला दारही दाखवेल. आणि दाखवेना का, त्याहून वाईट म्हणजे त्याला हे जन्मभर पुरेल. तिला त्याची दया आली आणि स्वतःसाठी भीतीही वाटली, आणि यातलं जास्त काय होतं हे तिला ठरवता येईना.

"मी लहानपणी दर नाताळच्या आदल्या दिवशी पुडिंग घेऊन तुमच्याकडे यायचे," ती म्हणाली. "त्या मला वर न्यायच्या, तुमची खोली दाखवायला. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असायची. म्हणायच्या, येणार नाहीये तो, मीच नको म्हटलंय, पण आला तर गादी गार नको." ती थांबली. "तसलंच होतं ते 'नको'."

मॅलकीने मान वर केली नाही. तो इतका वेळ तसाच बसला की ब्रोनाला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. चार वीस. चार पंचवीस. फॉर्म मागून घ्यावा की निघून जावं, तिला कळेना. मग त्याने सही केली, सावकाश, एकेक अक्षर जुळवत, आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"सोमवारी आठला."

तिने तिथेच फॉर्मचा फोटो काढून कॉलेजला पाठवला. पोचल्याचं उत्तर लगेच आलं. बाहेर नोरीनने हॉर्न वाजवला. ब्रोनाने कागदाची घडी केली आणि दारापर्यंत गेली.

"दोनदा विचारायचो गं मी," मागून त्याचा आवाज आला. "दरवर्षी. सोळा वर्षं."

हॉर्न पुन्हा वाजला. ब्रोनाने दार आतून लावून घेतलं, कोट काढला आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसली.